संडासापासून सपरीपर्यंत

पवनीपासून सात किलोमीटरवर, तलावाच्या पाळीखाली पुंडलिकरावांचं घर आहे. पुढे रस्ता, मागे सांदवाडी म्हणजे परस, आणि सांदवाडीच्या टोकाला सरकारी योजनेतून बांधलेला संडास. मागच्या ओसरीच्या, म्हणजे सपरीच्या पायरीपासून तिथपर्यंत बावीस पावलं. मधे सिमेंटची पट्टी. पुंडलिकरावांना लकवा मारेपर्यंत ही पावलं कुणी मोजली नव्हती. त्यानंतर त्यांची बायको रुखमाबाई रोज मोजू लागली.

फेब्रुवारीत एका सकाळी पुंडलिकराव दात घासता घासता भिंतीला टेकले आणि तसेच खाली घसरले. डावा हात, डावा पाय गेला. बोलणं राहिलं, पण जड झालं, तोंडात पान असल्यासारखं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, वजन एकाहत्तर किलो. धानाचं पोतं पाठीवर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढणारा, आणि तसं चढता येतं याचा गर्व बाळगणारा. रुखमाबाई बावन्नची. तिचं वजन दवाखान्यातल्या काट्यावर चाळीस भरलं, तेही चपला घालून.

मुलगा प्रविण नागपूरकडे एका कारखान्यात पाळीवर कामाला. तो पंधरा दिवस राहिला आणि सुट्टी संपल्यावर गेला. जाताना म्हणाला, "आई, जमते ना तुले?"

"जमते," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती!

जमत नव्हतं. पुंडलिकरावांना बाजेवरून उठवायचं तर ते उजवा हात तिच्या मानेत घालत आणि सगळं अंग तिच्यावर सोडून देत. ती कण्हत उभी राही. पायांत गोळे येत. संडासाच्या वाटेवर दोनदा तिला डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, आराम कर. आणि आराम केला असता तर घर कुणी पाहिलं असतं?

पवनीच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी मेघा नावाची फिजिओथेरपीची मुलगी येत असे. तिने पुंडलिकरावांना हातापायाच्या कसरती दाखवल्या. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग तिने विचारलं, "काकू, यांना उठवतं कोण?"

"मीच."

"कसं, ते दाखवा बरं."

रुखमाबाईने दाखवलं. पुंडलिकरावांनी हात मानेत घातला, ती वाकली, आणि तिचे गुडघे थरथरले ते मेघाने पाहिलं. तिने दोघांनाही पुन्हा बसवलं. मग रुखमाबाईच्या हातात मुठीची ताकद मोजायचं एक यंत्र दिलं आणि म्हणाली, "दाबा जोरात. जेवढी ताकद असेल तेवढी."

काटा अकरावर थांबला. दुसऱ्या हाताने नऊ.

"अठराच्या वर पाहिजे होता," मेघा म्हणाली. "आता हात छातीशी घेऊन या खुर्चीवरून पाच वेळा उठा."

रुखमाबाई दोनदा उठली. तिसऱ्यांदा तिला हात टेकावा लागला. तिला संताप आला. तिसाव्या वर्षी ती दिवसाला धानाच्या दोन बांध्यांचं रोवणं ओढत होती. "बाई, मी काय बसून खाते का? पहाटपासून रात्रीपर्यंत कामच करून राहिले मी!"

"म्हणूनच," मेघा म्हणाली. "कामानं अंग झिजतं काकू, आणि तुम्ही ते भरून काढत नाही. काल काय जेवलात?"

भात आणि वरणाचं वरचं पाणी. पुंडलिकरावांचं जेवण झाल्यावर जे उरलं ते. हे तिने सांगितलं नाही, पण मेघाला कळलं असावं. तिने कागदावर चित्रं काढून दिली. बाजेवरून हात न लावता उठणं-बसणं. भिंतीला हात टेकून टाचा वर करणं. पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. एक दिवसाआड. आणि रोज एक अंडं, मूठभर भिजवलेले हरभरे. "औषध समजून खा," ती म्हणाली. मग पुंडलिकरावांकडे वळली. "काका, तुम्ही काकूंच्या मानेवर लोंबकळता. एक दिवस दोघंही पडाल. काकूंनी तुम्हाला उचलायचं नाहीये. उठायचं तुम्ही, त्यांनी फक्त साथ द्यायची. पडलात तर कसं उठायचं तेही शिकून घ्या." तिने चटईवर स्वतः झोपून दाखवलं. कुशीवर व्हायचं, कोपर टेकायचं, बसायचं, समोरच्या खुर्चीवर चांगला हात ठेवून गुडघ्यावर यायचं, मग चांगला पाय पुढे.

परतीच्या एसटीत पुंडलिकराव म्हणाले, "पोरीसोरी मले शिकवतात उठाले."

रुखमाबाईने कसरत सुरू केली ती लपूनच. सांदवाडीच्या कोपऱ्यात, संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी. पण शेजारच्या कुंताबाईपासून काय लपतं? ऐंशीच्या पुढची बाई, कानाने बहिरी, नजर मात्र घारीची. कुडावरून डोकावून ती ओरडली, "काय वो रुखमा, उठाबशा कायच्या काढून राहिली? मास्तरानं सजा देल्ली का?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला माहीत झालं. पुंडलिकरावांनाही. ते म्हणाले, "नवरा मरून राहिला आन् ही पहलवान बनून राहिली." अंडं खाताना ती पाठ करून बसू लागली.

पण सोडलं नाही. आधी चार वेळा उठता येई, मग सहा, मग दम न लागता दहा. एप्रिल संपेपर्यंत विहिरीवरून पाण्याचे दोन गुंड एका खेपेत आणू लागली. पुंडलिकराव मात्र बाजेवर पडून छपराच्या कवेलूंकडे बघत असत. कमरेला बांधायचा पट्टा मेघाने दिला होता, तो त्यांनी खुंटीला टांगून ठेवला. "मी का बैल हाओ?" असं विचारत आणि पुन्हा हात तिच्या मानेत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गावातल्या एका पोराचं लग्न होतं, अड्याळकडे. सकाळी आठलाच चार ट्रॅक्टर भरून वरात गेली. ज्याला चालता येत होतं तो प्रत्येक माणूस गेला. आळी सुनसान झाली. आदल्या दिवशी टीव्हीवर पंचेचाळीस अंश सांगितलं होतं, आणि त्या दिवशी हवा त्याहून भारी होती. दुपारी एकच्या सुमारास पुंडलिकरावांच्या पोटात कळ आली.

"थांबा जरा, पट्टा बांधते," रुखमाबाई म्हणाली.

"थांबाले वेळ हाये का? चाल!"

जाताना जमलं. येताना पुंडलिकरावांचे पाय लटपटत होते, जुलाबाने अंगातलं पाणी गेलं होतं. त्यांनी नेहमीसारखा हात तिच्या मानेत टाकला आणि भार सोडला. ती मोजत होती. दहा, अकरा. अकराव्या पावलाला त्यांचा डावा पाय पट्टीच्या कडेला अडकला. तिने जोर लावून सावरायला पाहिलं. क्षणभर दोघं तसेच थांबले, आणि मग एकदम गेले. ती पालथी मातीत पडली आणि ते सिमेंटवर, डाव्या अंगावर.

ती लगेच उठली. तळहात सोलवटले होते. पुंडलिकराव उघडे होते, कमरेला फक्त लुंगी. उजवा हात सिमेंटला लागला तसा त्यांनी ओरडून उचलला. पण डावी बाजू खाली होती, आणि डाव्या बाजूला त्यांना काही कळत नव्हतं. तेच तिला भ्यायला पुरेसं होतं. तिने स्वतःचा हात पट्टीवर ठेवून पाहिला. तव्यावर ठेवल्यासारखा चटका बसला.

तिने त्यांच्या बगलेत हात घातले आणि सगळा जीव लावून ओढलं. अंग उताणं झालं आणि वीतभर सरकलं. पाठीत काहीतरी कट्कन वाजलं आणि ती बसलीच. पुन्हा ओढलं. या वेळी तेवढंही नाही.

"सोड," पुंडलिकराव म्हणाले.

ती संडासाकडे धावली. ड्रममध्ये अर्धी बादली पाणी होतं. ते तिने त्यांच्या अंगाखाली, डोक्यावर, पट्टीवर ओतलं. सिमेंटने ते चर्र करून पिऊन टाकलं. तिने सपरीतून गोणपाट आणले, माठाच्या पाण्यात बुडवले आणि जमतील तेवढे त्यांच्या पाठीखाली कोंबले. मग फोन. प्रविणला लावला, वाजून वाजून बंद झाला, पाळीवर असताना फोन कपाटात ठेवावा लागत असे. लग्नाला गेलेल्या तिघांना लावला. एकाने उचलला. पलीकडे नुसता बँडचा कल्लोळ. ती ओरडली, "हे पडले! या लवकर!" पलीकडचा "आवाज नाई येत, जेवून फोन करतो" म्हणाला आणि फोन बंद झाला.

ती पुढच्या दाराने रस्त्यावर पळाली. "कोनी हाये का वो!" दोन्ही बाजूंना दारांना कड्या. एक कुत्रं नालीत पडून धापत होतं. ती लिंबाच्या झाडाखाली आली आणि थांबली.

तिथे सावली होती. त्या सावलीत उभं राहिल्यावर तिला एकदम किती थकवा आला ते कळलं. आणि तिच्या मनात आलं, की आपण इथेच उभं राहिलो तर? कुणी काही म्हणणार नाही. कुणी नव्हतंच गावात. चाळीस किलोची बाई काय करणार होती, असंच लोक म्हणतील. उद्यापासून ती बावीस पावलं नाहीत. मानेवरचा तो हात नाही. तिने हे पुरतं मनात आणलं, डोळे उघडे ठेवून. किती वेळ, ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. मग ती वळली आणि कुंताबाईच्या दारावर दोन्ही मुठींनी थडाथडा मारू लागली.

कुंताबाई काठी टेकत बाहेर आली. ऐकू काही गेलं नव्हतं, पण दार हललेलं तिने पाहिलं होतं. रुखमाबाईने तिचा हात धरून तिला सांदवाडीत आणलं. म्हातारीने एकदा पाहिलं, परत घरात गेली, आणि काळी छत्री उघडून आली. पुंडलिकरावांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली. तिच्या अनवाणी पायांना चटके बसत होते, म्हणून ती एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होती.

पुंडलिकरावांचा चेहरा लाल झाला होता आणि घाम येणं थांबलं होतं. रुखमाबाईला ते लक्षण माहीत होतं. रानात ऊन लागलेली माणसं तिने पाहिली होती.

तिने सपरीतली प्लास्टिकची खुर्ची आणली. गुडघे टेकून बसली. "अवो, कुशीवर व्हा. उजव्या. मी ढकलते."

"जाऊ दे मले."

"व्हा ना वो."

"जाऊ दे म्हनतो ना! किती दिस करशीन? सुटशीन तू बी..."

तिने त्यांचा डावा गुडघा वाकवला, खांद्याला आणि कमरेला हात लावला आणि ढकललं. अंग अर्धं वळलं आणि पुन्हा परत आलं. ते स्वतः जोर लावत नव्हते. डोळे मिटून पडले होते.

तीस वर्षांत तिने त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. इतकी मोठ्याने, की कुंताबाईलाही ऐकू गेली.

"ऊठ! आयकून नाई राहिला का? कोपर टेक! मी तुले उचलून नाई राहिले, तुलेच उठाचं हाये! टेक कोपर!"

पुंडलिकरावांनी डोळे उघडले. त्यांच्याकडे असं पाहणारी ती बाई त्यांनी याआधी पाहिली नसावी. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली. तिने पुन्हा ढकललं, आणि या वेळी अंग वळलं. कोपर ओल्या गोणपाटावर टेकलं. ते ओरडले, पण कोपर काढलं नाही. तिने मागून खांद्याला आधार दिला आणि ते बसले. डाव्या मांडीवर आणि कमरेवर कातडी पांढरट होऊन फुगली होती. तिने तिकडे पाहायचं टाळलं.

"आता गुडघ्यावर. हात खुर्चीवर."

खुर्ची सरकू लागली. "आजी, खुर्ची धरा! दाबून धरा!" रुखमाबाईची खूण पाहून कुंताबाईने छत्री टाकली आणि खुर्चीच्या पाठीवर पोटच टेकवलं. पुंडलिकराव गुडघ्यावर आले. रुखमाबाईने खुंटीवरचा पट्टा आणून त्यांच्या कमरेला आवळला. या वेळी त्यांनी तो बांधू दिला.

"उजवा पाय पुढं. मी तीन म्हनते. एक, दोन, तीन!"

ते उठले, अर्धे उठले, आणि डावा गुडघा दुमडला. पुन्हा खाली. पुंडलिकरावांना रडू फुटलं, तोंड एका बाजूला ओढून, लहान लेकरासारखं. रुखमाबाईच्या पाठीत कळ गेली ती थेट पायापर्यंत. तिला वाटलं, आता आपण उठणार नाही. तिने उजवा तळपाय जमिनीवर घट्ट ठेवला, टाच दाबली. संध्याकाळच्या कोपऱ्यात शेकडो वेळा केलं होतं तसं.

"अजून एक डाव. तुमी जोर लावा, तुमचा गुडघा मी धरते." तिने आपला गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला समोरून लावला, पट्टा दोन्ही हातांनी पकडला. "तीन!"

पुंडलिकरावांच्या मानेवरच्या शिरा तटतटल्या. या वेळी भार तिच्या मानेवर आला नाही. त्यांच्याच पायावर राहिला. ते उभे राहिले, हलत, डुलत, पण उभे. तिने पट्ट्याने वळवून त्यांना खुर्चीत बसवलं. मग दोघी बायकांनी ती खुर्ची उलट ओढली, कुंताबाई एका हाताने आणि रुखमाबाई दोन्ही हातांनी. मागचा एक पाय वाटेत फाकला. तशीच तिरकी खुर्ची त्यांनी सपरीच्या सावलीत आणली आणि तिथेच तो पाय तुटला. पुंडलिकराव हळूच मातीवर घसरले. पण माती थंड होती.

पुढचे दोन तास ती त्यांच्या अंगावर माठाचं पाणी शिंपडत राहिली, साखरमिठाचं पाणी घोट घोट पाजत राहिली. साडेतीनला फोन आला. लग्नातला माणूस जेवून उठला होता. पावणेपाचला जीप आली, आणि त्यांना पवनीच्या दवाखान्यात नेलं.

भाजलं होतं ते डाव्या मांडीला आणि कमरेला, तळहाताएवढं दोन ठिकाणी. जखम भरायला चोवीस दिवस लागले. रुखमाबाईची पाठ आठ दिवसांत बरी झाली. प्रविण दुसऱ्या दिवशीच आला. त्याने आईचे सोलवटलेले हात हातात घेऊन पाहिले. मग म्हणाला, "दोघंही माह्या खोलीवर चाला."

"तुह्या दहा बाय दहाच्या खोलीत बाजच नाई बसत," रुखमाबाई म्हणाली. "मले काही पायजे असन तर सांगू का? सपरीपासून संडासापर्यंत लोखंडी कठडा. वरून टिनाचं छप्पर. आन् संडासात उंच सीट."

तिने आजवर स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती, असं प्रविणला नंतर वाटलं. त्याने तुमसरहून पाईप आणले आणि तीन रविवारी येऊन कठडा बसवला.

पुंडलिकराव कसरत करू लागले. आनंदाने नाही. शिव्या देत, चिडत, मधेच सोडून देत. पण पट्टा स्वतः मागत. पोळ्याला ते कठड्याला धरून, रुखमाबाई बाजूला असताना, तिला न टेकता गेले आणि आले. तीही आपली कसरत आता सपरीत, सगळ्यांदेखत करत असे. कुंताबाई बघत बसे आणि आकडे चुकीचे मोजे.

दसऱ्याच्या आधीची एक सकाळ. दोघं सपरीत बसले होते. पुंडलिकराव उजव्या हाताने डावी बोटं एकेक करून सरळ करत होते. एकाएकी ते म्हणाले, "त्या दिशी तू बाहेर गेलती."

"हो. कोनाले बोलवाले."

"आवाज आयकू येत होता तुहा. मंग बंद झाला." ते बोटांकडेच पाहत होते. "लय वेळ बंद होता."

रुखमाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. हात थांबला.

"थांबली होतीस ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. कुंताबाईचं दार उघडत नव्हतं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "थांबले होते."

"वाटलं तुले?"

"वाटलं."

रस्त्यावरून एक बैलबंडी गेली. ती पार तलावाच्या वळणापर्यंत जाईपर्यंत पुंडलिकराव तिकडे पाहत राहिले.

"मले बी वाटत होतं," ते म्हणाले, "का तू येऊ नोको." मग आणखी एक बोट सरळ करत, "मंग काहून आली?"

तिने खरंच विचार केला. दया म्हणता आलं असतं, धर्म म्हणता आलं असतं, आणि दोन्ही थोडं थोडं खरं होतं. पण तिला आठवत होतं ते वेगळंच होतं. त्या सावलीत उभं असताना तिचे पाय थरथरत नव्हते. फेब्रुवारीत थरथरायचे तसे नाही. तिने पायांकडे पाहिलं होतं, आणि तिला वाटलं होतं, एकदा करून तर पाहावं.

"जमन असं वाटलं," ती म्हणाली.

पुंडलिकरावांनी मान हलवली. सुपातले खडे वेचायला त्यांनी डावा हात पुढे केला. पहिला खडा सुटला. दुसराही सुटला. तिने सूप त्यांच्या बाजूला थोडं कलतं केलं आणि वाट पाहत बसली.